पाच जागा सोडून

माझ्या हाताखाली शिकलेल्या माणसानं टाइप केलेलं पान सोलापुरातल्या कुठल्याही कचेरीत मी लांबून ओळखते. डावीकडे समास सरळ, परिच्छेदाची पहिली ओळ पाच जागा सोडून, बाकीच्या ओळी समासाला चिकटलेल्या, आणि खाली सहीसाठी चार ओळींची मोकळी जागा. हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. एकोणतीस वर्षं मी टायपिंग शिकवते आहे. कोर्टात, तहसीलमध्ये, झेडपीत काही कामाला गेलं की खिडकीपलीकडून कुणीतरी उठून उभं राहतं आणि म्हणतं, "मॅडम, तुमी कशाला रांगेत थांबलात?" मी रांगेतच थांबते, पण ऐकायला बरं वाटतं.

क्लास माझ्या मालकीचा नाही. शहराच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीत, एका दुकानाच्या वर दोन खोल्या. मागच्या गल्लीत लूम चालतात, त्यामुळे दिवसभर खटखट असतेच. पूर्वी आमच्या टाइपरायटरांची आणि त्यांच्या लूमची स्पर्धा लागायची. मग टाइपरायटर गेले, संगणक आले आणि लूम जिंकले. एक जुनं मशीन मात्र मी हट्टानं ठेवून घेतलंय, खिडकीजवळ, कापड घालून. मुलं घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी बोलतात आणि परीक्षा इंग्रजीची देतात. कुणाचं काही बिघडत नाही.

माझी शिकवायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे आणि निम्म्यांना आवडत नाही. मुलानं पान आणून दिलं की चूक असेल तिथं मी लाल पेनानं गोल करते. काय चुकलं ते सांगत नाही. "मॅडम, हितं काय चुकलंय?" असं विचारलं की माझं उत्तर एकच, "शोध." चूक सापडली की पान पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचं. आणि चूक नसेल तर? तर पान तसंच परत. 'छान', 'उत्तम' असलं मी काही लिहीत नाही. ज्या पानावर लाल गोल नाही ते छानच असतं, ते वर पुन्हा लिहून कशाला दाखवायचं? माझ्या स्वतःच्या लेकीलाही मी असंच शिकवलं. तिला अख्ख्या वर्षात कोरी परत आलेली पानं दोन. ती दोन्ही तिनं अजून जपून ठेवली आहेत, आणि मला बोलायची वेळ आली की तीच काढते.

आता ती पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. मला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळावं अशी गरजही कधी वाटली नव्हती.

ती गरज यंदाच्या एप्रिलमध्ये मालकानं निर्माण केली. हा मालक म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. पस्तिशीचा असेल. हाही माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याचं एक पान मी सलग सहा वेळा परत केलं होतं, तेव्हा तो जिन्यात बसून रडला होता. आता तो माझा मालक आहे. दुपारी क्लास रिकामा असताना तो आला, कूलरसमोर उभा राहून शर्टाची कॉलर हलवत म्हणाला, "मॅडम, आता नुसत्या टायपिंगला पोरं येत न्हाईत की. उन्हाळी बॅच पायथनची, त्या संगणकाच्या भाषेची काढाय लागतीय. संगणकाचे सर तर पुण्याला गेले. तुमी जमवाल का?"

मी विचारलं, "आणि नाही जमलं तर?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चिंचोळी एमआयडीसीत एक पोरगा हाय, कंपनीत संगणक बघतो. तो दोन्ही बघतो म्हणलाय. पायथन बी, टायपिंग बी. पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी भेटाय येणार हाय. त्याच्या आधी शनवारी तुमचा एक तास बघू. तुमच्या हातचा एक प्रोग्राम, पोरांसमोर."

'टायपिंग बी' हे शब्द त्यानं अगदी हळू उच्चारले, पण मला ऐकू आले. म्हणजे माझी खुर्चीच. घरी आले तर जेवणात मन लागेना. आमच्या ह्यांनी, म्हणजे नवऱ्यानं, भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवत विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक गोष्ट नट-बोल्टासारखी सोपी वाटते. म्हणाले, "मग शीक की. पंधरवडा हाय हातात."

लेकीला फोन केला. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. नुसती म्हणाली, "आई, पहिला प्रोग्राम तुझ्या रोजच्या कामातला लिही. आणि अडलीस की मला पाठव, मी दोन मिनिटांत नीट करून देते."

"माझं पान मी दुसऱ्याच्या हातात देत नाही," मी म्हटलं. हा माझा स्वभाव. कुणी मदतीचा हात पुढे केला की आधी मला राग येतो, मग कधीतरी आनंद होतो.

मी एक पुस्तक आणलं, मोबाइलवरचे धडे बघितले, आणि एका वहीच्या पहिल्या पानावर 'माझ्या चुका' असं लिहून ठेवलं. मुलांच्या चुका मोजते, तर माझ्याही मोजायला हव्यात. प्रत्येक चुकीला एक लाल उभी रेघ. प्रोग्राम कसला लिहायचा ते लगेच ठरलं. आमच्या सराव परीक्षेचा निकाल. दहा मुलांची नावं, प्रत्येकाच्या पुढं त्याच्या चुका. दहाच्या वर चुका असतील तर नापास, नाहीतर पास. हेच तर मी रोज हातानं करते. संगणकाला एकेक नाव घ्यायला सांगायचं, चुका बघायला सांगायच्या आणि निकाल छापायला सांगायचा. एवढंसं काम.

रोज दुपारी दोन ते चार क्लास रिकामा असतो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पहिल्या दिवशी मी नोटपॅड उघडलं, कारण तेवढंच माझ्या ओळखीचं होतं. अख्खा प्रोग्राम टाइप केला. तेरा-चौदा ओळी. मी टाइप केला म्हणजे एका अक्षराचीही चूक नाही, हे वेगळं सांगायला नको. मग पुस्तकात दिलं होतं तसं स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत जाऊन तो चालवला.

खिडकीत उत्तर आलं, ओळ पहिली, अनएक्स्पेक्टेड इंडेंट. म्हणजे, इथं जागा सोडली आहे, ती अपेक्षित नव्हती.

मी ते दोनदा वाचलं. पहिली ओळ! अजून तर काही सुरूही झालं नव्हतं. पाहिलं तर पहिल्या ओळीच्या आधी मी पाच जागा सोडल्या होत्या. सोडणारच. नवीन मजकूर सुरू झाला की पाच जागा, हे माझ्या अंगठ्यात भिनलेलं आहे, डोक्याला विचारतंय कोण? पण मला राग आला तो त्या भाषेचा. एकोणतीस वर्षांत माझ्या समासाला कुणी बोट लावलं नव्हतं. कोर्टातल्या जज्जसाहेबांनीसुद्धा नाही. आणि हे कालचं सॉफ्टवेअर मला सांगणार की जागा का सोडली?

"बरं बाबा," म्हणून मी सगळ्या ओळी समासाला नेऊन चिकटवल्या. एकही जागा नाही. पुन्हा चालवला. आता खिडकी म्हणाली, इथं आत सरकवलेला भाग अपेक्षित होता, तो नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मी मशीन बंद केलं, वहीत दोन लाल रेघा मारल्या आणि घरी गेले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर हे हसून हसून खोकायला लागले. "एकोणतीस वर्षं लोकांच्या चुका काढल्यास," म्हणाले, "आता तुझ्या कुणीतरी काढतंय. लई बरं वाटलं बघ."

पुढचे चार-पाच दिवस वहीत रेघा वाढत गेल्या. कुठं दोन टिंबं राहिली, कुठं कंस मिटला नाही. त्या चुका माझ्या डोळ्याला सापडायच्या. डोळा तयार आहे माझा, त्यातच आयुष्य गेलं. समासाचं मात्र कळेना. मग एके दुपारी पुस्तकातलं एक वाक्य मला पटल्यासारखं वाटलं. 'फॉर'च्या, म्हणजे एकेक नाव घ्यायला सांगणाऱ्या ओळीनंतरचा भाग आत सरकवावा. मी मनात म्हटलं, असं होय! म्हणजे तो नवा परिच्छेदच झाला की. मग मी प्रत्येक ठिकाणी परिच्छेद केला. पहिली ओळ पाच जागा आत, पुढच्या ओळी समासाला. पानाकडे पाहिलं आणि डोळे निवले. कसं देखणं दिसत होतं! चालवला, आणि काय सांगू, खिडकीनं एक अक्षर तक्रार केली नाही.

फक्त निकाल एकाच मुलाचा आला. दहाव्या. बाकीचे नऊ गायब.

हे पहिल्यापेक्षा वाईट होतं. तक्रार केली असती तर भांडता तरी आलं असतं. इथं सगळं गोड बोलून नऊ पोरं गिळली होती. मी पुन्हा चालवला. पुन्हा दहावाच. नावं उलट्या क्रमानं लावली, तर आता पूर्वीचा पहिला आला, कारण तो शेवटी गेला होता. चूक अक्षरात नाही, हे मला कळत होतं. पण मग कशात? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं मी आधी संगणकाला नावं ठेवली, मग पुस्तकाला, मग त्या पुण्याला गेलेल्या सरांना. दोन दुपारी गेल्या. शनिवार चार दिवसांवर आला.

शेवटी स्क्रीनचा फोटो काढून लेकीला पाठवला. वर लिहिलं, नीट करू नकोस, फक्त कुठं चुकलंय ते सांग.

अर्ध्या तासानं फोटो परत आला. तिनं त्यावर लाल गोल केला होता. एकच. तोसुद्धा कुठल्या शब्दाभोवती नाही, समासाच्या मोकळ्या जागेभोवती. मी तिला लगेच फोन लावला. "अगं, इथं तर काहीच नाही. काय चुकलंय इथं?"

ती म्हणाली, "शोध."

नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याच पेनानं मला गोल! मी म्हटलं, "अगं, माझी नोकरी जायची वेळ आलीय आणि तुला चेष्टा सुचते?"

"चेष्टा नाही, आई," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी सांगितलं तर तुझा हा एक प्रोग्राम चालेल. पण तुला शनिवारी मुलांसमोर उभं राहायचंय. एवढंच सांगते, हे पत्र नाही. इथं मोकळी जागासुद्धा वाचायची असते." आणि ठेवला की फोन!

मी बराच वेळ फणफणत होते. पण आज खरं सांगते, त्या फणफणण्याच्या खाली कुठंतरी मला तिचा अभिमान वाटत होता. मायेपोटी पटकन सांगून टाकणारी मुलं पुष्कळ असतात. माझी तशी नव्हती. ती माझीच होती.

मी प्रोग्राम कागदावर छापून घेतला. पट्टी घेतली आणि समासाच्या बाजूनं पट्टी उभी धरून वरून खाली यायला लागले, जसं मी मुलांच्या पानाचा समास तपासते. मोकळी जागा वाचायची म्हणजे काय? 'फॉर'ची ओळ सांगते, एकेक मूल घे. तिच्या खालची ओळ आत आहे, ती त्या मुलाच्या चुका काढते. त्याच्या खालची ओळ, पास की नापास ठरवायची, ती मी समासाला आणून ठेवली होती. म्हणजे आत असलेली ओळ 'फॉर'च्या ताब्यातली. समासाला आलेली ओळ त्याच्या ताब्यातून सुटलेली. संगणक इमानदारीनं दहा मुलं एकामागून एक घेत होता, प्रत्येकाच्या चुका बघत होता आणि निकाल न लावता पुढं जात होता. दहावं मूल संपल्यावर, सगळं आटोपल्यावर, तो समासावरच्या ओळीकडे यायचा आणि तेव्हा हातात जो उरला असेल त्याचा निकाल छापायचा.

मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. पत्रात पहिली ओळ आत गेली की बाकीच्या ओळी तिच्याच असतात, हे वाचणाऱ्याला कळतं. माणूस समजून घेतो. इथं प्रत्येक ओळीनं आपण कुणाच्या ताब्यातली हे स्वतः उभं राहून सांगायचं. ज्या सवयीवर मी एवढी वर्षं मिरवले, तीच सवय माझी नऊ मुलं गिळत होती. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली असती की नाही, कोण जाणे. टायपिंग शिकलेल्या माणसाच्या हातून ती होणारच.

निकालाच्या ओळी आत ढकलल्या. घाईत काही ओळी टॅबनं ढकलल्या, कारण जुन्या मशीनवर आम्ही टॅब लावून ठेवत असू. नोटपॅडचा टॅब एकदम आठ जागांची उडी मारतो. मग त्याच्या रेषेत यावं म्हणून बाकीच्या ओळी स्पेसबार दाबून दाबून आणून भिडवल्या. पट्टी लावून पाहिली. केसाचाही फरक नाही. चालवला, तर खिडकी म्हणते, जागा आणि टॅब यांचा मेळ नाही.

आता मात्र माझ्या डोळ्यानं हात टेकले. कागदावर सगळ्या ओळी एका रेषेत होत्या. जे दिसतच नाही ते शोधायचं कसं? गुरुवारची अख्खी दुपार गेली. वहीत रेघा चाळिसावर गेल्या. शुक्रवारी दुपारी मी खिडकीजवळच्या त्या जुन्या मशीनवरचं कापड काढलं आणि उगीच कॅरेज सरकवत बसले. मुलांना पहिल्या दिवशी मी काय सांगते? बोटांकडे बघायचं नाही. बोटाला कळतं. मुलं बघतातच, मग मी त्यांच्या हातांवर रुमाल टाकते.

मी संगणकाकडे परत आले. प्रोग्रामच्या ओळीच्या सुरुवातीला गेले, डोळे मिटले आणि उजवीकडच्या बाणाचं बटण हळूहळू दाबायला लागले. एक, दोन, तीन... आठ दाबल्यावर ओळीचं पहिलं अक्षर आलं. ही स्पेसनं सरकवलेली. खालची ओळ. एक दाबलं आणि डोळे उघडले, तर कर्सर थेट अक्षराजवळ. आठ पावलांची जागा त्यानं एका उडीत ओलांडली होती. हा टॅब! डोळ्याला दोन्ही ओळी सारख्याच, पण बोटाला लगेच कळलं. मी एकेक ओळ अशी चाचपत गेले, टॅब सापडला की पुसला आणि आठ जागा मोजून सोडल्या. चार टॅब सापडले. मग चालवला.

दहाच्या दहा नावं खाली उतरत आली. प्रत्येकासमोर त्याचा निकाल. मी एकटीच होते, तरी टाळी वाजवली. मागच्या गल्लीत लूम चालूच होते.

शनिवारी सकाळी दहाला बारा-तेरा मुलं बसली होती, त्यात दोघी-तिघी माझ्याच टायपिंगच्या बॅचमधल्या. मालक दाराला टेकून उभा होता. भिंतीवर माझी स्क्रीन मोठी दिसत होती. मी इस्त्रीची साडी नेसले होते. प्रोग्राम चालवून दाखवला. दहा नावं, दहा निकाल. ज्यांची नावं होती ती लाजली, बाकीची हसली. सगळं कसं सुरळीत. मी मनात म्हटलं, सुटले.

तेवढ्यात दारातून मालक म्हणाला, "मॅडम, एकूण किती पास झाले ते बी शेवटी येऊ द्या की. हितंच लिवून दाखवा."

सगळ्यांसमोर, तिथल्या तिथं. मी वर मोजणीचं शून्य मांडलं, मोजायची ओळ 'पास'च्या आत घातली, ती नीट बसली. मग खाली शेवटची ओळ लिहिली, एकूण छापायची. चालवला आणि खिडकीत तक्रार आली. ही ओळ जिथं आली आहे तिथं बसणारी कुठलीच पातळी नाही. भिंतीवर ही एवढी मोठी तक्रार. नवा मजकूर आला आणि माझ्या अंगठ्यानं मला न विचारता पाच जागा सोडल्या होत्या. जित्याची खोड!

मालक दाराच्या चौकटीवर नख घासत होता. मला एकदम वाटलं, गेली खुर्ची. घाईघाईनं ती ओळ दुरुस्त करून, काही झालंच नाही असं दाखवून पुढं जावं, असंही वाटलं. पण एकोणतीस वर्षं मुलांना मी ज्यासाठी ओरडत आले, ते हेच. चूक खोडून लपवायची नाही.

मी माऊसवरचा हात काढला. म्हटलं, "बघा. ही चूक माझ्या हातून झाली. पत्र टाइप करताना आपण पाच जागा सोडतो की नाही? तीच सवय. तुमच्यापैकी जे टायपिंगला येतात, त्यांची ही चूक होणारच आहे. मला सांगा, ही शेवटची ओळ कुणाच्या ताब्यातली?"

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी, जिच्या घरी मागच्या गल्लीतले लूम आहेत, हळूच म्हणाली, "कुणाच्याच न्हाई, मॅडम. सगळी पोरं संपल्यावर ती एकदाच म्हणायची."

"मग तिची जागा कुठं?"

"समासाला."

मला त्या पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं. हे कळायला मला दोन दुपारी लागल्या होत्या! मी ओळीच्या सुरुवातीला गेले, पाच वेळा पुसलं, ओळ समासाला आणली आणि चालवला. दहा निकाल, आणि खाली एकूण पास आठ. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याच मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या बी एवढ्या चुका व्हतात?"

तिनं काही खवचटपणानं विचारलं नव्हतं. तिला खरंच नवल वाटलं होतं. मी पर्समधून ती वही काढली, पहिलं पान उघडून तिच्या हातात दिलं. "मोज," म्हटलं. तिनं बोट ठेवून मोठ्यानं मोजल्या. बेचाळीस. "आणि आत्ताची एक," मी म्हटलं, "त्रेचाळीस." मग मी यादीत दहाव्या मुलाच्या खाली अकरावं नाव टाइप केलं. माझं. पुढं चुका त्रेचाळीस. आणि चालवला.

दहा नावं आली, अकरावं आलं. माझ्या नावासमोर, भिंतभर अक्षरांत, नापास. एकूण पास, आठच.

खोलीत एवढा हशा पिकला की खालच्या दुकानदारानं वर डोकावून पाहिलं. मीही हसत होते. "का हसता?" म्हटलं. "बरोबर चाललाय की प्रोग्राम. लिहिणारीलासुद्धा सोडलं नाही त्यानं." हे बोलताना मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कुठल्याही कचेरीतलं पान बघून कधी वाटला नव्हता. चुका माझ्या, शोधल्या मी, आणि हिशेब चुकता करणारं हे यंत्रही मीच उभं केलं होतं.

मुलं गेल्यावर मालक आत आला. पहिल्या बाकावर बसला. सहा वेळा पान परत आलं तेव्हा तो ह्याच बाकावर बसायचा. म्हणाला, "मॅडम, चिंचोळीच्या त्या पोराला सांगतो, येऊ नको म्हणून."

"का? नापास झाले की मी."

"तुमी मला सहा वेळा परत पाठवलंवतं," तो म्हणाला, "तवा लई राग आलावता. मला वाटायचं, बाईंचं स्वतःचं कधी चुकत नसंल, म्हणून त्यांना काय बी वाटत न्हाई." मग उठून उभा राहिला. "सोमवारपासनं सकाळी आठची बॅच तुमची. टायपिंग बी तुमचंच."

तो जिना उतरून गेला, आणि मग मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही. जरा वेळ मी ती खुर्ची धरून उभी होते.

घरी जाण्याआधी लेकीला फोन केला. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "निकाल?"

"नापास," मी म्हटलं. "त्रेचाळीस चुका."

मग घाबरून, "आणि बॅच?"

"सोमवारी सकाळी आठला."

तिनं श्वास सोडलेला मला इथं ऐकू आला. मग ती म्हणाली, "आई, पान पाठव."

मी प्रोग्रामचा फोटो काढून पाठवला. अकरा नावांसकट, शेवटची ओळ समासाला आणलेला. संध्याकाळी भाकरी थापत असताना मोबाइल वाजला. पिठाच्या हातानंच उघडला. पान परत आलं होतं. मी ते मोठं करून वरून खाली, समासाकडून दुसऱ्या कडेपर्यंत, दोनदा पाहिलं. तिनं काहीच लिहिलं नव्हतं. एकही लाल गोल नव्हता.